वरची लाईन

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुनेची, निकिताची स्कूटर इंदिरानगरातल्या त्या गल्लीतून वळली, की बहिरू आबा कानटोपी काढून खुंटीला लावायचे, पायजमा गुडघ्याच्या वर ओढायचे आणि हॉलच्या फरशीवर चक्क रांगायला लागायचे. वय वर्षं त्रेसष्ट. दहा महिन्यांचा नातू सार्थक तोवर उंच खुर्चीत पट्टा लावून बसलेला असायचा आणि आजोबांची ही तऱ्हा बघून टाळ्या पिटायचा.

हसायला काय जातंय! आबा पस्तीस वर्षं रेल्वेत कीमन होते, इगतपुरीला. कीमन म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून सहा किलोमीटर रुळाच्या कडेनं चालायचं, रूळ जागेवर धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकून घट्ट करायची, रुळाला कुठं तडा गेलाय का ते बघायचं. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्यावर. ऊन असो, धुकं असो, डोळे खाली. पस्तीस वर्षं खाली बघून बघून त्यांची मानच तशी बसली होती. त्यांची बायको साळूबाई तर चारचौघांत सांगायची, "या मानसानं लग्नात माझं तोंड बघितलंच नाय, निस्ते पाय बघितले."

तर अशा माणसाच्या ताब्यात रांगतं पोर दिल्यावर तो दुसरं काय करणार? त्यानं घराची लाईन ठरवून टाकली. दारापासून सोफ्याच्या कडेकडेनं बाल्कनीपर्यंत जायचं आणि टीव्हीच्या बाजूनं परत यायचं. तेही गुडघ्यावर, कारण सार्थकला जे दिसतं ते उभ्या माणसाला दिसत नाही. रोज काही ना काही सापडायचंच. कधी शेंगदाणा, कधी कानातल्याची फिरकी, कधी शर्टाचं बटण. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खाचेत तर इतकं काही अडकायचं की आबा ती जुन्या टूथब्रशनं रोज साफ करायचे. सगळं उचलून झालं की मग सार्थकचा पट्टा सुटायचा.

आणि सुटला की सुटलाच! डिसेंबरात हेच पोर पोटावर पडून मागं मागं सरकायचं आणि सोफ्याखाली अडकून बोंब ठोकायचं. तेव्हा आबा त्याला मालगाडी म्हणायचे. जानेवारी लागला आणि मालगाडीची मेल झाली. चपलांचा स्टँड, कचऱ्याचा डबा, वॉशिंग मशीनचा पाइप, ही त्याची स्टेशनं ठरलेली. पाठ फिरली की हा तिथं हजर.

आता आजोबा का आणि आजी का नाही, हा प्रश्न सगळ्या सोसायटीला पडला होता. त्याचं उत्तर साळूबाईनं फोनवरच देऊन टाकलं होतं, "पोराला सांभाळायला कोनीबी मिळंल. म्हशीला माझ्याबिगर दुसरा हात चालत नाय." निकिताची आई आठ महिने येऊन राहिली होती, ती आता आपल्या घरी गेली. निकिता नोकरीवर परत रुजू झालेली, तिचा नवरा रविराज, त्याला कंपनीत शिफ्ट. मग मागच्या गल्लीतल्या पाळणाघराचा फॉर्म आला. तो भरूनही झाला. तेव्हा आबा म्हणाले, "एक महिना मला द्या. नाय जमलं तर मीच त्याला कडेवर घेऊन तिथं पोचवीन."

निकिताला ते मनापासून पटलं नव्हतं. पण सासऱ्यांचं तोंड बघून ती हो म्हणाली. फॉर्म फ्रिजवर लावून ठेवला, फक्त सही बाकी. त्याच्या शेजारी तिनं तिच्या नेटक्या अक्षरात नियम लिहिले. पाणी उकळलेलं. मध नाही. झोपवताना पालथं नाही. चौथा नियम होता, औषधं वरच्या कप्प्यात.

आबांना तो महिना किती हवा होता हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रविराज कधी रांगला, कधी उभा राहिला, हे त्यांना फक्त सांगण्यावरून ठाऊक होतं. ते लाईनवर असायचे. घरी यावं तर पोर झोपलेलं. एकदा सुट्टीला घरी बसले तर पोर त्यांना बघून परका माणूस आल्यासारखं रडलं होतं. त्याचं त्यांना अजून वाईट वाटायचं. म्हणून या पोराचं सगळं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

संध्याकाळी निकिता दारात आली की सार्थकला तिच्या हातात देत ते ऐटीत सांगायचे, "लाईन क्लिअर." सुरुवातीला ती नुसती मान हलवायची. दुसऱ्या आठवड्यात हसायला लागली.

अठराव्या दिवशी काय झालं, तर सकाळी नाश्ता झाला आणि आबांनी ब्लडप्रेशरची रोजची गोळी घ्यायला पाकीट हातात घेतलं. तेवढ्यात साळूबाईचा फोन. म्हशीनं रात्री चारा खाल्ला नव्हता. पंधरा मिनिटं म्हशीच्या पोटावर चर्चा झाली. पाकीट राहिलं टीपॉयवर. मग निकिता गेली, लाईन तपासून झाली, एकूण एक फरशी तपासली, आणि सार्थकला खाली सोडलं.

अकराच्या सुमाराला कुकरची शिट्टी झाली. सार्थकचं खिमट. आबा गॅस बंद करायला आत गेले. जास्तीत जास्त दोन मिनिटं. बाहेर येऊन बघतात तर काय, पोर उभं!

टीपॉयची कड एका हातानं धरून, पाय फाकवून, डुलत डुलत, पण उभं. स्वतःच्या दोन पायांवर. "आरं माझ्या वाघा!" आबांच्या तोंडून निघालं. सार्थकनं वळून बघितलं आणि दुसरा हात दाखवला. त्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. चावलेलं, लाळेनं ओलं.

त्यांनी धावत जाऊन पोराला उचललं, तोंडात बोट घालून फिरवलं. चांदीच्या कागदाचा एक कपटा निघाला. गोळी नाही. पाकीट बघितलं. कालपर्यंत दोन घरं रिकामी होती, आता तीन. तिसरी गोळी कुणी खाल्ली? आपण सकाळी घेतली का? त्यांनी आठवून बघितलं. फोन आठवत होता, म्हैस आठवत होती, पाण्याचा तांब्याही आठवत होता. गोळी काही केल्या आठवेना.

त्यांनी पोराला कडेवर घेऊन टीपॉयखाली बघितलं, सोफ्याखाली बघितलं. नव्हती. सार्थक मजेत त्यांचा कान ओढत होता. त्याला काही झालेलं दिसत नव्हतं.

आता इथं खरं काय ते सांगायला हवं. आबांच्या मनात आलं. एक क्षण आलंच. घरात कुणी नाही, पोर हसतंय, गोळी बहुतेक मीच घेतली असणार. सांगितलं तर अठराव्या दिवशी महिना संपला. फ्रिजवरचा फॉर्म त्यांना जागेवरून दिसत होता. पोर आत्ता कुठं पायावर उभं राहिलं आणि आपण उद्यापासून इगतपुरीला खाटेवर बसून त्याची चौकशी फोनवर करायची?

पण रुळाला तडा दिसला की कीमन विचार करत बसत नाही. बहुतेक गाडी जाईल वरून, असं तो कधी म्हणत नाही. आधी लाल झेंडी लावतो, गाडी थांबवतो, मग कळवतो. साहेब काय बोलेल, आपली चावी ढिली निघाली तर काय होईल, ते सगळं नंतर. आबांनी फोन लावला.

"निकिता, पोराच्या हातात माझ्या गोळ्या आल्या. एक कमी हाय. त्यानं खाल्ली का मी, मला आठवत नाय. चूक माझी हाय. मी त्याला डॉक्टरकडं घेऊन निघालो."

मुलांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. रिक्षाची वाटही न बघता ते चालत सुटले, पोर कडेवर, पाकीट खिशात, कानटोपी खुंटीलाच. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. विचारलं, "किती गोळ्या गेल्या असतील?"

"एक, नायतर एकबी नाय," आबा म्हणाले.

"बरं केलंत लगेच आलात ते. तीन वाजेपर्यंत इथंच ठेवू. दर थोड्या वेळानं तपासत राहू."

निकिता आली ती हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून. तिनं सार्थकला हिसकावूनच घेतलं, त्याच्या पापण्या वर करून बघितल्या, छातीला कान लावला. मग ती सासऱ्यांकडे वळली. एरवी आवाज न चढवणारी मुलगी, पण त्या दिवशी दवाखान्यातली बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली.

"चौथा नियम काय लिहिलाय आबा? वाचता येतं ना तुम्हाला? रोज घरभर रांगता, फरशीवरचा दाणा तुम्हाला दिसतो, आणि डोळ्यांसमोरच्या टीपॉयवर गोळ्या राहतात?"

"खालीच बघितलं," आबा म्हणाले. "काल तो उभा राहत नव्हता."

"म्हणजे?"

"उभा राहिला. टीपॉयला धरून. म्हणून हात पोचला."

निकिताचं तोंड उघडंच राहिलं. राग होताच, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलं. "कधी?" तिनं विचारलं. "कसा उभा होता? पडला नाही?"

आबांनी दाखवलं. दवाखान्याच्या बाकाची कड धरून, पाय फाकवून, डुलत. बघता बघता निकिताचे डोळे भरले आणि ती तोंड फिरवून बसली. आबांना वाटलं, गोळीपेक्षा हेच तिला जास्त लागलं. पोर पहिल्यांदा उभं राहिलं आणि आई ऑफिसात फाइल बघत होती. ते दुःख त्यांना चांगलंच ओळखीचं होतं.

तीन वाजता डॉक्टरीणबाईंनी सार्थकला घरी न्यायला सांगितलं. पोर ठणठणीत होतं. त्यांनी सहज आबांचंही प्रेशर तपासलं आणि भुवया वर केल्या. "तुमचंच वाढलंय की हो!"

घरी आल्यावर निकितानं सार्थकला पट्टा लावून खुर्चीत बसवलं आणि ऑफिसच्या कपड्यांतच फरशीवर गुडघे टेकले. "तुम्ही बसा," ती म्हणाली. आबा बसले नाहीत. तेही उतरले. सासरा सोफ्याच्या बाजूनं, सून टीव्हीच्या बाजूनं. सार्थकला तर डबल तमाशा. बाल्कनीच्या दाराशी निकिता थांबली. तिनं नखानं खाचेतून काहीतरी उकरून काढलं आणि तळहातावर धरलं. पांढरी, अख्खी, एका कडेला लाळेनं जराशी खडबडीत.

"ती खाच मी सकाळी पुसली होती," आबा कसनुसे म्हणाले.

"सकाळी ही गोळी पाकिटात होती आबा. नंतर घरंगळत गेली इथं."

दोघंही फरशीवरच बसले.

"म्हणजे त्यानं खाल्लीच नव्हती," निकिता म्हणाली. "तुम्ही फोन केला नसता तर मला कधी कळलंच नसतं."

"नाय."

"मग केलात कशाला? तुम्हाला माहीत होतं ना, मी सही करणार ते?"

"माहीत होतं," आबा म्हणाले. मान खालीच. "पन तडा लपवून घरी गेलेला कीमन रात्री झोपत नाय गं. आवाज झाला की दचकतो. सही कर तू. मी बोललो होतो, मीच पोचवीन त्याला. उद्या पोचवतो."

निकिता उठली. तिनं फ्रिजवरचा फॉर्म काढला. आबांनी खिडकीकडे बघितलं. ड्रॉवर उघडल्याचा, पेन शोधल्याचा आवाज झाला. बराच वेळ ती लिहीत होती. सहीला एवढा वेळ लागत नाही, हे आबांच्या लक्षात यायला जरा उशीरच झाला.

तिनं कागद त्यांच्यासमोर धरला. फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं. टीपॉय. सोफ्याचा हात. टीव्हीचं कपाट. खिडकीची कड. खाली मोठ्या अक्षरात, वरची लाईन, निकिता.

"पाळणाघर चांगलं असेलही," ती म्हणाली. "पण तिथून मला असा फोन आला असता का, ते मला सांगता येत नाही. तुमचा आला. मी चिडले आहे हां आबा, अजून चिडलेलीच आहे. गोळ्या आता माझ्या कपाटात राहतील आणि सकाळी मी हातात देईन तेव्हाच घ्यायच्या."

आबा हो म्हणाले. मग त्यांनी खुंटीवरची कानटोपी काढून घातली.

दुसऱ्या दिवशी निकितानं गोळी हातावर ठेवली, आबांनी ती तिच्यासमोर गिळली. मग आबा खालून निघाले आणि ती उभ्यानं, पण कमरेत वाकून, सार्थकचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर हात फिरवत निघाली. टीपॉयवरून रविराजची किल्ली उचलली, खिडकीतून सेफ्टी पिन. दाराशी येऊन तिनं बॅग खांद्याला लावली.

"आबा, वरची लाईन क्लिअर."

आबांनी सार्थकचा पट्टा सोडला. पोर सरळ टीपॉयकडे सुटलं, कड पकडली, बूड उचललं, धपकन बसलं. पुन्हा पकडली. निकिता दारातच थांबली होती. तिसऱ्या खेपेला तो उभा राहिला आणि आई कुठंय ते वळून बघितलं.

निकितानं बॅग खाली ठेवली आणि चपलांसकट फरशीवर बसली. त्या दिवशी ती ऑफिसला चाळीस मिनिटं उशिरा पोचली.