शेवटची रिकामी ओळ

“मनुष्यजातीच्या नीतिमत्तेचा इतका संपूर्ण दस्तऐवज पृथ्वीतलावर दुसरा नाही,” असं म्हणत पोटनियमसाहेबांनी ती जाडजूड वही दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. धूळ उडाली, साहेबांना लागोपाठ चार शिंका आल्या, आणि तिनं पहिलं पान उघडलं. पहिली नोंद एका केळ्याची होती.

‘वस्तू: केळं, एक. देणारा: विमा दलाल. किंमत: नगण्य. स्वीकारलं की परत केलं: खाल्लं. शेरा: दलाल समोर उभा होता.’

“हे वाचू, सर?”

“सगळं वाचा. मधली पानं गाळू नका. लोक मधलीच पानं गाळतात.”

“पण परीक्षा परवावर आली. पुस्तकाची अजून दीडशे पानं—”

“पुस्तक दोनदा वाचून तुम्ही दोनदा नापास झालात. आता पुस्तकाला जरा विश्रांती द्या.”

साहेबांचं खरं पद अनुपालन अधिकारी. गुंतवणूक कंपनीच्या त्या शाखेत सगळं नियमाप्रमाणे चाललंय की नाही, हे पाहणारा माणूस. म्हणजे ज्याला येताना पाहून बाकीचे जिना बदलतात तो. ‘पोटनियम’ हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की एकदा मुख्य कार्यालयातून पत्रही त्याच नावानं आलं होतं. साहेबांनी ते आवक क्रमांक घालून रीतसर फाइलला लावलं.

येत्या शुक्रवारी साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची तिला मिळणार होती. अट एकच. नियमन, अनुपालन आणि व्यावसायिक नीतिमत्ता या विषयाची परीक्षा पास व्हायची. संधी तीन. दोन गेल्या होत्या. तिसरी गेली की खुर्चीवर बाहेरचा माणूस आणि ती परत काउंटर क्रमांक तीनवर, जिथे तिनं अकरा वर्षं उभ्यानं काढली होती. ऑफिसात तिला अजूनही ‘तीन नंबर’च म्हणत. या खात्यात यायची तिला काही फार हौस नव्हती. टाचा दुखत होत्या आणि या खात्यात बसायला मिळत होतं.

घरी तिच्या अभ्यासाची खिल्ली उडवायला माणसांची कमतरता नव्हती. मुलगी दहावीत होती आणि आईच्या सराव परीक्षा तीच तपासायची.

“चोपन्न! मला चोपन्न पडले असते तर तू मला जेवायला वाढलं नसतंस.”

“कुठे चुकले ते सांग आधी.”

“कुठे काय, नेहमीचंच. हितसंबंधांचा संघर्ष. दहातले आठ चूक. आई, तू दर वेळी गोड उत्तर निवडतेस.”

“गोड म्हणजे?”

“म्हणजे हे बघ. सल्लागाराकडे त्याची मावशी ग्राहक म्हणून येते, त्यानं काय करावं? तू लिहिलंयस, मावशीला जास्त काळजीपूर्वक समजावून सांगावं.”

“मग मावशीला काय हाकलून द्यायचं?”

पलीकडून सासूबाईंनी चष्मा वर केला. “खोटं बोलू नये आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. एवढ्यासाठी चारशे पानं? कागद स्वस्त झालाय वाटतं.”

तिचं नेमकं इथंच अडत होतं. चारही पर्याय तिला बरोबर वाटत, आणि त्यातला जो सगळ्यात माणुसकीचा वाटे तो हमखास चुकीचा निघे.

वही ऑफिसबाहेर न्यायची नाही असा नियम होता, त्यामुळे मंगळवारी दुपारी ती डबा घेऊन अभिलेखांच्या खोलीत बसली. खोलीत तीन कपाटं, एक खिळखिळं टेबल आणि बंद पडलेला पंखा. नियम साधा होता: ज्याच्याशी कंपनीचा व्यवहार आहे अशा कोणाकडूनही काहीही मिळालं, तर ते घेतलं असो वा परत केलं असो, लिहायचं. बाकीचे अधिकारी महिन्याकाठी एखादी डायरी नाहीतर मिठाईचा डबा लिहीत. साहेबांनी मात्र तीस वर्षांत ‘काहीही’ या शब्दाला कुठेही सवलत दिली नव्हती.

‘छत्री, उसनी. देणारा: ग्राहक. दुसऱ्या दिवशी वाळवून परत.’

‘चहा, एक कप. देणारा: दलाल. नाकारता आला नाही. साखर जास्त.’

‘वाढदिवसाच्या शुभेच्छा. देणारा: म्युच्युअल फंडाचा प्रतिनिधी. वाढदिवस नव्हता.’

‘पाठीवर थाप. देणारे: शाखाप्रमुख. हेतू अस्पष्ट.’

ती एकटीच खो-खो हसली. तिच्या हसण्याच्या आवाजानं रोखपाल दारात डोकावला.

“काय तीन नंबर, कादंबरी सापडली वाटतं?”

“साहेबांची वही आहे.”

“अरे बापरे. मी असेन त्यात. एकदा त्यांना बडीशेप देऊ केली होती.”

तिनं शोधलं. होती. ‘बडीशेप, चिमूटभर. परत.’

“पाहिलंत!” रोखपालानं कपाळावर हात मारला. “निरोपाला घड्याळ द्यायचं ठरलंय. शुक्रवारी संध्याकाळी लिहून मोकळे होतील, घड्याळ, एक. दोन मिनिटं मागे.”

तो गेला. ती वाचत राहिली, आणि साधारण साठाव्या पानापाशी तिचं हसू आपोआप मागे पडलं. एका नोंदीवर ती थांबली.

‘स्तुती, सुमारे दहा मिनिटं. देणारा: दलाल. परत करता आली नाही. आवडली. याचे पुढचे तीन अर्ज तपासणीसाठी दुसऱ्या शाखेकडे पाठवले.’

‘आवडली’ या शब्दावर तिनं बोट ठेवलं. अक्षर तेच होतं, सरळ, आखल्यासारखं. माणसानं कबुली द्यावी आणि तीसुद्धा अशी, बडीशेपेच्या खालोखाल, कोणी विचारलेलं नसताना. पुढच्या पानांवर ती केळी आणि छत्र्या सोडून हेच शोधू लागली. ‘दया आली.’ ‘राग आला, कारण तो खरं बोलत होता.’ ‘याचा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात पहिला येतो. याच्या फाइलला हात लावला नाही.’ साहेब वस्तूंचा हिशेब ठेवत नव्हतेच. माणूस कुठून कुठे कलतो, तो कल ते रोज मोजत होते, आणि मोजत होते तो स्वतःचा.

बुधवारी दुपारी ती एकशे चौदाव्या पानावर आली. वर्ष पाहिलं आणि तिचा घास हातातच राहिला.

ते वर्ष ती विसरणं शक्य नव्हतं. काउंटरवर येऊन सहा महिने झाले होते. एक म्हातारे ग्राहक चष्मा घरी विसरून आले. प्रत्येकाला भरावीच लागते ती प्रश्नावली, तोटा किती सोसाल, घाबराल का, विकून टाकाल का, ती त्यांना वाचता येईना. मागे रांग. तिनं प्रेमानं म्हटलं, बसा आजोबा, मी भरते. आणि भरली. जोखीम: मध्यम. आजोबांनी सही केली. पुढे बाजार पडला, आजोबांच्या मुलानं तक्रार केली आणि चौकशी लागली. तिचा हेतू काय होता हे शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं. पोटनियमसाहेबांनी एक शब्द टाकला असता तर प्रकरण समज देऊन मिटलं असतं, असं जो तो म्हणत होता. साहेबांनी फाइल न उघडताच परत पाठवली. वर एक ओळ: ‘मी या प्रकरणात बसणार नाही.’ मग मुख्य कार्यालयातून एक अनोळखी गृहस्थ आले, लेखी ताकीद देऊन आणि बढती दोन वर्षं रोखून गेले. त्या दिवसापासून साहेबांना ‘नमस्कार सर’ म्हणताना तिच्या मनात दुसरंच काहीतरी चाले. खात्यात बदली झाल्यावरही ती रोज त्यांना चहा विचारी, कारण ते रोज आपला थर्मास वर करून नको म्हणत आणि तिला त्यात थोडं बरं वाटे.

पानावर लिहिलं होतं:

‘वस्तू: कौतुक, सुमारे एक तास. देणारी: माझी आई. आईला कमी ऐकू येतं. ती आज मला न सांगता पेन्शन योजनेच्या चौकशीला शाखेत आली होती. काउंटर क्र. ३ वरील नव्या बाईंनी तिला तोच अर्ज चार वेळा समजावला, आवाज न चढवता. आई कोणाची, हे त्यांना माहीत नव्हतं. घरी आल्यावर आई तासभर त्यांच्याबद्दल बोलत होती. किंमत: ठरवता येत नाही. स्वीकारलं. शेरा: यापुढे या बाईंच्या बाबतीत मी निष्पक्ष राहू शकेन असं वाटत नाही.’

तिनं दोन पानं उलटली. चार महिन्यांनंतरच्या तारखेला एकच ओळ.

‘काउंटर क्र. ३ विरुद्ध तक्रार आली. पान ११४ पाहावे. बाजूला झालो. झोप लागली नाही.’

ती उठली. दाराची काच पुसलेली नव्हती, तरी तिच्यातून समोरची केबिन दिसत होती. साहेब जेवत होते. घरून आणलेल्या फडक्यावर घरून आणलेला डबा, बाजूला घरून आणलेला थर्मास. ज्या माणसाला ती आपला वैरी समजत होती, त्यानं अख्ख्या इमारतीत फक्त तिच्याबद्दल लिहून ठेवलं होतं की माझा तराजू हिच्या बाजूनं झुकतो; आणि म्हणूनच तराजू खाली ठेवला होता. एखादा डोंगर रोज खिडकीतून दिसावा आणि इतकी वर्षं आपण त्याला ढग समजावं, तसं तिला झालं. डोंगराच्या शर्टावर भाजीचा डाग पडला होता आणि तो रुमाल ओला करून तो घासत बसला होता.

तिला रडू यायला हवं होतं. आला तो आधी राग. दोन वर्षं, सर. माझी दोन वर्षं. मग रागही वहीसारखा जड झाला आणि तिनं तो खाली ठेवला.

गुरुवारी सकाळी परीक्षा केंद्रात तिच्या पडद्यावर एकतिसावा प्रश्न आला. एका अधिकाऱ्याला ज्या कर्मचाऱ्याबद्दल आपुलकी वाटते, त्याच्याच चौकशीचं काम त्याच्याकडे आलं आहे. त्यानं काय करावं? पहिला पर्याय, कर्मचाऱ्याची बाजू समजून घ्यावी. दुसरा, आपुलकी बाजूला ठेवून कठोरपणे न्याय करावा. तिसरा, सहकाऱ्याचं मत खाजगीत विचारावं. चौथा, कारण लेखी नोंदवून बाजूला व्हावं. तिनं चौथ्यावर बोट ठेवलं, आणि ते तिथून उचलायला तिला थोडा वेळ लागला. पाठीमागच्या परीक्षार्थीनं खुर्ची सरकवली तेव्हा ती भानावर आली.

संध्याकाळी मुलीनं निकालाचा कागद तीनदा वाचला. “एक्क्याऐंशी! हितसंबंधांत दहापैकी दहा! आई, कॉपी केलीस?”

“हो,” ती म्हणाली. “तीस वर्षांची.”

सासूबाई म्हणाल्या, “झालं का? आता ती चारशे पानं माझ्या पोळपाटाखालून काढा. डगमगतोय म्हणून ठेवली होती.”

शुक्रवारी सकाळी साहेबांचं टेबल रिकामं होतं. थर्मास पिशवीत गेला होता. तिनं वही दोन्ही हातांनी समोर ठेवली.

“सगळी वाचलीत?”

“सगळी, सर.” ती उभीच राहिली. “एकशे चौदासुद्धा.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सगळी म्हटलं म्हणजे त्यात ते आलंच.”

“त्या चौकशीत तुम्ही बसला असतात, तर काय निकाल दिला असतात?”

“तो मला फाइल उघडायच्या आधीच माहीत होता,” साहेब म्हणाले. “म्हणून तर बसलो नाही.”

पंख्याची घरघर चालू होती. तिला आभार मानायचे होते, क्षमा मागायची होती, अकरा वर्षं मनात काय काय म्हटलं ते सांगायचं होतं. पण यातलं काहीही दिलं तरी ते यांना लिहावं लागेल, हे तिच्या लक्षात आलं.

“आई कशा आहेत?”

“गेल्या वर्षी गेली.” साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “शेवटपर्यंत विचारायची, ती मुलगी अजून तिथेच आहे का. मी म्हणायचो, हो. त्याहून जास्त सांगणं योग्य नव्हतं.”

मग तिनं रोजचाच प्रश्न विचारला, पण या वेळी आवाज तिचा तिलाच नवा वाटला.

“सर, चहा सांगू?”

साहेबांचा हात सवयीनं थर्मासकडे गेला. थर्मास जागेवर नव्हता. त्यांनी वही उघडली, शेवटचं पान काढलं, आणि वही तिच्या बाजूला फिरवली. पानाच्या तळाशी एकच ओळ कोरी होती.

“वही आता तुमची. तुम्हीच लिहा.”

तिनं पेन उघडलं. तारीख. वस्तू: चहा, एक कप. देणारी: इथे ती थबकली, आणि मग लिहिलं, काउंटर क्र. ३. पुढच्या रकान्यावर तिचा हात थांबला.

“किंमत काय लिहू, सर?”

साहेबांनी ती ओळ वाचली.

“लिहा, नगण्य.”

तिनं लिहिलं. “स्वीकारला?”

“स्वीकारला.” ती दाराकडे वळली तसे ते खुर्चीतून अर्धवट उठले. “आणि हे बघा—”

“काय, सर?”

“साखर कमी सांगा.”