मूर्तीखालचं तणस

ट्रक थांबल्याबरोबर देवराव फाळका ओलांडून वर चढला, आणि मूर्तीचं फुटलेलं शिर उचलायचं सोडून तिच्या पायांखालचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, उपसायला लागला. दोन्ही हातांनी ओढायचं आणि पुलाखालच्या नालीत फेकायचं. वर रेल्वेच्या बुटक्या पुलाची लोखंडी तुळई होती आणि तिच्यावर सिमेंटचा पांढरा ओरखडा उमटला होता.

"देवरावभाऊ, पागल झाले का?" गोविंदा खालून ओरडला. "आधी शिर तर उचला! तणस काय उपसून राहिले?"

"चूप राह्य. वर चढ आन् मले हात लाव."

गोविंदा वर चढला. देवरावचा लहानपणापासूनचा दोस्त, मिलमध्ये शेजारच्याच मागावर काम करणारा. त्याला समजायला वेळ लागला नाही. ड्रायव्हर रुपरावनं आदल्या दिवशी बांबू लावून पूल मोजला होता, ट्रक मोजला होता, मूर्तीही मोजली होती. जेमतेम चार बोटं जागा राहत होती. "आडवी नेऊ भाऊ, झंझटच नाही," असं तो बिचारा म्हणालाही होता. पण देवराव हटून बसला. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या शहरातून मान खाली घालून गेली, भगवान तरी उभे जातील. महाल भागातून, भर बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जातील. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना काय, त्या वाजवायला पैसे थोडेच पडतात!

तणस मात्र त्या मोजमापात नव्हतं. ते देवरावच्या आईचं, बायजाबाईचं. सकाळी ट्रक मूर्ती आणायला वस्तीतून निघाला, तेव्हा म्हातारीनं खाटेवरूनच हाक मारली होती, "पायाखाली तणस घाल गा, दचके बसन मूर्तीले." गोठ्यातलं धानाचं तणस ट्रकमध्ये टाकलं, तर म्हणते, "अजून घाल." पुन्हा टाकलं, तरी तिचं समाधान होईना. डोळे गेलेले, पाय गेलेले, पण जीभ शाबूत. रामटेकजवळच्या खेड्यातली ती लेक. लहानपणी गडाच्या पायथ्याशी उभी राहून वरच्या देवळाकडे बघायची, कारण त्यापुढे जायची तिच्या माणसांना सोय नव्हती. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिनं गडाकडे बघणंही सोडलं. वस्तीतल्या विहाराच्या विटा मात्र तिनं डोक्यावरून वाहिल्या होत्या. विहारात आपली मूर्ती उभी राहिली, की मी मरायले मोकळी, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"हे तणस नसतं तर मूर्ती पुलाखालून निघून गेली असती," गोविंदा पुटपुटला.

देवरावनं त्याची कॉलर धरली. "हे पुन्हा तोंडातून काढू नको. माय ऐकन तर..." त्यानं कॉलर सोडली. "मूर्ती आपणच तोडली असं समजून मरन ते, गोविंदा."

"मंग काय सांगाचं?"

"ट्रक खड्ड्यात आदळला. तणस घालाले मी विसरलो."

रुपराव चाकापाशी डोकं धरून बसला होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "माह्या तोंडून काही जाणार नाही, भाऊ." मग तिघांनी मिळून शिर गमछ्यात गुंडाळलं.

बायजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी एकच विचारलं, "तणस नाही घातलं?"

"सकाळी तुह्यासमोर घातलं होतं, माय. मूर्ती चढवताना अडचण झाली म्हणून काढलं. परत घालाचं विसरलो."

झालं! म्हातारी जी कडाडली, ती अख्ख्या गल्लीला ऐकू गेली. महिनोन्‌महिने तिच्या तोंडून असा आवाज निघाला नव्हता. "एकच गोष्ट सांगितली होती तुले! एकच! मोठा आला मूर्ती आणणारा! मायचं ऐकाले लाज वाटते का?" देवराव खाटेशी उभा राहून ऐकत होता. जीवावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. हिला राग येतोय तो माझा, स्वतःचा नाही, एवढं त्याला पुरे होतं.

आता वस्तीत गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. खरं काय झालं ते दुसऱ्या दिवशी घरोघरी माहीत होतं. पण बायजाबाईला भेटायला जो येई तो दारातूनच सुरू करी, "चुकलंच देवरावचं. माणसानं मायचं ऐकावं." म्हातारी पुन्हा तोंडाचा पट्टा सोडी, येणारा माना डोलावी आणि बाहेर पडल्यावर देवरावच्या खांद्यावर हात ठेवून निघून जाई. सिंधूताईनं तर हद्द केली. नळावरच्या भांडणापासून दोन्ही घरांत बोलाचाली बंद होती, तरी ती आली, खाटेशी बसली आणि म्हणाली, "तुह्या पोरात अक्कलच नाही वं, मावशी." बाहेर येऊन ती पदरात तोंड खुपसून रडली.

मूर्ती विहारात उभी केली होती, खांद्यांपासून वर पांढरं कापड पांघरून. कारागीर म्हणाला, नवं शिर बसवता येईल, पण सांधा दिसणारच. देवराव मिलमधून येताना रोज विहाराच्या दारापर्यंत जाई आणि आत न शिरता परत फिरे. इकडे म्हातारीचा आवाज दिवसेंदिवस खाली जात होता. शिव्याही अर्ध्यावरच थांबायच्या.

एका दुपारी तिनं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि देवरावला जवळ बसायला सांगितलं.

"ह्या वस्तीत आजपावतो दोन माणसं कोण्या गोष्टीवर एक झाली का गा?"

"नाही माय."

"विहाराचा दरवाजा कोणीकडे ठेवाचा यावर डोकी फुटाची पाळी आली होती. आठवते?"

"हो."

"आन् आता सारे एकाच तोंडानं बोलून राहिले. सिंधूबी." ती दम घ्यायला थांबली. "एक जणबी म्हणत नाही का खड्डा होता, का ड्रायव्हरचं चुकलं, का पूल बुटका हाये. त्या पुलाखाली गाड्या अडकताना म्या पाह्यल्या हायेत, देवराव."

देवराव तिच्या अंगावरची चादर उगाच नीट करत राहिला.

"तणस किती उंच होतं गा?"

तिनं चाचपडत त्याचा हात शोधला. "बोलू नको. दाखव. मले डोळे नाहीत, हातानं पाह्यतो."

देवरावनं तिच्या तळव्यावर अंगठा आणि पहिलं बोट ठेवलं, तेही जरा आखडूनच. तिनं तेवढं अंतर चाचपलं. मग त्याची मिटलेली बोटं एकेक करून उघडली, करंगळी ओढून सरळ केली आणि थांबली. त्यानं हात मागे घेतला नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत तिनं आपलं बोट फिरवलं, सावकाश, पुन्हा एकदा.

"तणस लय झालं गा," ती म्हणाली. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "आन् तू माह्या शिव्या खात राह्यला."