तीन साफ बाटल्या

वाटूर फाट्यावरच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली डिझेलची टाकी फुटली आणि खालच्या अंगाला असलेल्या गोजरबाईच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला, हे सगळ्या वस्तीला नाकानंच कळलं होतं. सरकारला मात्र ते बाटलीतून कळायचं होतं. दर महिन्याला विहिरीचं पाणी तपासायचं, लागोपाठ तीन बाटल्या साफ निघाल्या की वस्तीवर येणारा पाण्याचा टँकर बंद, असा हुकूम शहाण्णव साली निघाला. गोजरबाईची सून नंदाबाई पोटुशी होती. विहिरीच्या वासानंच तिला उलटी व्हायची, त्यामुळं घराचा सगळा जीव त्या टँकरवर.

बाटली भरायचं काम इस्माईलचं. जालन्याच्या मस्तगडात राहणारा, छप्पन्न वर्षांचा, तीस वर्षं गावोगावच्या पाण्याचे नमुने गोळा करत हिंडलेला माणूस. काम चोख, पण गुडघे दगा द्यायला लागले होते आणि विहिरीला बेचाळीस पायऱ्या. पहिल्याच महिन्यात त्यानं वरच्या पायरीवर बसकण मारली. गोजरबाई आपणहून म्हणाली, "तुमी बसा इस्माईलभाई, मी आनते भरून."

वरच्या थराचं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचं, असा नियम होता. पण बाई भली, पायऱ्या मोडक्या आणि बघायला कोण येतंय! तिन्ही महिने तीच उतरली. तिन्ही बाटल्या साफ निघाल्या. इस्माईलला नवल वाटलं; पण सोयीच्या नवलाच्या मुळाशी कोण जातो?

टँकर बंद होऊन आठ दिवस झाले, तेव्हा तो विहिरीची पातळी मोजायला आला. गोजरबाई वळणीवर फडकी वाळत घालत होती. धुतलेली, तरी काळपट, आणि डिझेलचा नुसता भपकारा.

"ही कशाची फडकी, बाई?"

"पानी गाळायची. घागरीनं तवंग बाजूला सारायचा, मंग चार पदरी फडक्यातून गाळायचं. तुमच्या बाटलीचं बी तसंच गाळलं की."

"बाटलीचं?"

"मंग? परक्याच्या हाती द्यायचं पानी न गाळता द्यावं का? सायबाच्या टेबलावर जानार व्हतं ते." तिला त्याचा थोडा अभिमानच होता; बाटलीवर टँकर ठरतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तपासणीत पाण्यावर तेल तरंगतंय का, एवढंच बघायचे. ते तेल तर हिच्या फडक्यांत अडकलं होतं. पण पाण्यात विरघळलेलं जहर कुठलं फडकं अडवणार? शरमेनं इस्माईलला तिच्याकडे बघवेना. पिशवीतली कोरी बाटली घेऊन, भिंत धरून, एकेका पायरीवर बसत तो खाली उतरला. तवंग होता तसाच होता. त्यानं बाटली भरली आणि वर येईस्तोवर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही नुसतं गुडघ्यांचं नव्हतं.

"बाई, ते गाळायचं नव्हतं," तो म्हणाला. "मलाच उतरायला पायजे व्हतं. पानी बिलकुल चांगलं न्हाई. बाटल्या माझ्या हातच्या नव्हत्या, असं आजच लिहून देतो. नोकरी गेली तर जाऊ द्या. टँकर चालू व्हईल."

"कवा?"

"सायबाची सही, मंग कचेरी... पंधरा दिवस तरी."

गोजरबाई मटकन खाली बसली.

"नंदा पेत नव्हती, इस्माईलभाई. वास येतो म्हनायची. पानी साफ हाय म्हनून तुमचा कागद आल्ता, तवा मीच रागावून पाजलं तिला. सरकार खोटं लिहितं का, म्हनलं. कालपासून अंगावरून रगत जाऊन राह्यलंय. मंठ्याच्या दवाखान्यात नेलंय पोरानं." तिनं वर पाहिलं. "ती इचारंल. तिला काय सांगू?"

इस्माईल म्हणाला, "माझं नाव सांगा. इस्माईल खाली उतरला न्हाई म्हनून सांगा."

"नावानं लेकरू वाचतं का?" गोजरबाई म्हणाली.