सोडायचा झेल

बेसबॉलमध्ये आउटफिल्डरला कुणी विचारत नाही. पेपरात फोटो येतो तो चेंडू फेकणाऱ्याचा, नाहीतर तडकावणाऱ्याचा. मागं लांब गवतात उभे असलेले आम्ही तिघं म्हणजे शेतातली बुजगावणी. पण यंदाच्या लीगमध्ये कोल्हापूरचा संघ तळातून वर येत सेमीफायनलला पोचला, तो आम्हा तिघांच्या हातांवर. उजवीकडे संगमेश, डावीकडे कोडोलीचा यशराज आणि मधोमध मी, विजयसिंह. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

मला फायनल खेळायची होती. इतकी वर्षं घासूनही एकदाही नशिबी आली नाही. गुडघा कुरकुरायला लागलाय, पुढच्या हंगामात मला कुणी घेणार नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि कोचलाही. यंदा नाही तर कधीच नाही.

यशराज मूळचा क्रिकेटवाला. पळायला वारा, हात पक्के, डोकं मात्र अजून क्रिकेटचंच. त्याला एक गोष्ट मी घसा बसेपर्यंत शिकवली होती. "क्रिकेटात कॅच घेतला की विषय संपला. हितं तसं न्हाय. समोरच्यास्नी जिंकायला एकच रन पायजे, त्यांचा गडी तिसऱ्या बेसवर हाय, आणि बॉल लांब रेषेभाईर उडाला, तर धरायचा न्हाय. सोडायचा. खाली पडला तर नुसता फाउल, गडी जाग्यावरच. धरलास तर मारणारा आउट, पण तिसऱ्या बेसवरचा गडी तिथनं सुटतोय त्यो थेट घरात, म्हंजे होम बेसवर, आणि रन झाली. कळलं?"

"कळलं की दादा," तो म्हणायचा. दर वेळी.

सेमीफायनल कोल्हापुरातच होती, पण नाणेफेक हरलो, म्हणून शेवटची बॅटिंग नागपूरकरांची. यशराजचे वडील बाळासो त्या दिवशी पहिल्यांदाच लेकाचा खेळ बघायला आले होते. "पोरगं दिवसभर गवतात हुबं राहून पगार घेतंय," असं गावभर सांगत फिरणारा माणूस. अर्धी कोडोली आणि एक हलगीवाला घेऊन ते डाव्या कोपऱ्यात कुंपणाला चिकटून बसले होते.

शेवटचा डाव आला तेव्हा बरोबरी होती. एक आउट झालेला आणि नागपूरचा गडी तिसऱ्या बेसवर. त्यांना एकच रन हवी होती. चेंडू डावीकडे उंच उडाला आणि तो रेषेबाहेर जाणार, हे मला तिथूनच दिसलं.

"सोड! यशा, सोड!" मी बोंबललो.

तिकडे सगळी कोडोली उभी राहून ओरडली, "धर!"

यशराज सुसाट पळाला, रेषा ओलांडली आणि कुंपणाच्या अलीकडे अंग झोकून देऊन त्यानं तो धरला. असा झेल मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तो उठून चेंडू फेकेपर्यंत नागपूरचा गडी घरी पोचला होता. आमचा खेळ खलास. कोडोलीकरांनी तिकडे बघितलंच नाही. त्यांच्या लेखी झेल म्हणजे मॅच. धडाधड कुंपणावरून उड्या पडल्या, यशराज खांद्यावर गेला, गुलाल उडाला, हलगी कडाडली. पार पलीकडच्या टोकाला नागपूरवाले नाचत होते आणि इकडे आमची माणसं. मी ग्लोव्ह आपटला आणि तरातरा निघालो. चांगल्या ठेवणीतल्या शिव्या जिभेवर तयार होत्या.

खांद्यावरून उतरलेल्या यशराजला मी बाजूला ओढलं. "ऐकू आलं न्हवतं व्हय रं?"

"आलतं दादा."

"मग?"

तो मान खाली घालून म्हणाला, "आबा पहिल्यांदा आलते. त्येंच्या म्होरं हातात येणारा बॉल सोडू कसा? त्येस्नी वाटलं असतं, पोरगं भ्यालं."

मी तोंड उघडणार, तोच गुलालानं माखलेले बाळासो आमच्यात घुसले. "पावणं, बघितलासा न्हवं? आता फायनल कवा हाय? दोन ट्रॅक्टर भरून माणसं आणतो!"

सांगायचं कुणी?

"आबा, हरलो आपण," यशराज म्हणाला.

"हरलो? आन कॅच?"

"त्यो धरला म्हणूनच हरलो. सोडायचा हुता."

बाळासोंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग त्यांनी लांब नाचणाऱ्या नागपूरवाल्यांकडे बघितलं आणि हात वर करून हलगी थांबवली.

"तुमी सांगितलं न्हवतं व्हय ह्येला?"

"वरडलो की. सोड म्हणून."

"आन आमी..." ते अडखळले. "आमी धर म्हणून वरडलो."

खांद्यावरच्या टॉवेलनं ते लेकाच्या तोंडावरचा गुलाल पुसायला लागले. यशराजनं लहान पोरासारखं तोंड पुढं केलं. पुसता पुसता ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "म्हंजे पावणं, तुमची बी फायनल गेली."

"व्हय," मी म्हणालो. "गेली."