टोपी, बूट आणि सिमेंटचा कोट

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. दगडाची नाही, विटांची नाही, साध्या लाल मातीची. डेव्हनमधल्या विदरकोम गावात, चर्चकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी जे गवताने शाकारलेले घर आहे, त्याची पश्चिमेची बाजू म्हणजे मी. माझे वय चारशेच्या पुढे कुठेतरी आहे. नक्की आकडा मला ठाऊक नाही, आणि चारशेनंतर कोणी विचारतही नाही.

माझा जन्म माणसांच्या पायांखाली झाला. घर जिथे उभे राहायचे होते तिथलीच माती खणली, तिच्यात पेंढा आणि पाणी घातले आणि सगळे गाव तिच्यावर नाचले. बैल नाचले, बायका नाचल्या, पोरे नाचली, एकदा तर पाद्रीबाबासुद्धा मोजे काढून उतरले. हातभर थर चढवायचा, पंधरा दिवस वाळू द्यायचा, मगच वरचा थर. घाई केली असती तर मी तिथेच बसले असते. छपराला टेकायला मला दोन उन्हाळे लागले. असाच एक थर ओला असताना एका बाईने माझ्या अंगावर तळवा टेकवला. ती दमली होती की तिने तो मुद्दाम ठेवला, हे मला कळले नाही. हात निघून गेला, ठसा राहिला आणि त्यावर चुन्याचा गिलावा चढला. मला मळणारे ते सगळे पाय केव्हाच मातीत गेले आणि मातीची मी मात्र अजून उभी आहे. याचे नवल मला अजून सरलेले नाही.

आमच्याकडचे गवंडी म्हणतात, मातीच्या भिंतीला डोक्यावर चांगली टोपी द्या आणि पायात चांगले बूट द्या, ती पणतवंडांना पुरेल. टोपी म्हणजे गवताचे छप्पर आणि बूट म्हणजे दगडी जोते. अंगावर मला फक्त चुना लागतो. पाऊस चुन्यातून थोडा आत येतो आणि ऊन पडले की आल्या वाटेने परत जातो. मी अशी श्वास घेते. दर वसंतात घरचे लोक मला नवा चुना फासत, आणि चर्चला जाणाऱ्या बायका थांबून म्हणत, "काय उजळलीय हो यंदा!" मला कोण अभिमान वाटायचा!

मग शहर आले. एका रात्रीत नाही, हळूहळू, एकेक रस्ता पुढे टाकत. आता एक्सेटरची बस आमच्या तळ्याला वळसा घालून जाते आणि बदकांसाठी थांबते. तरी कोणी विदरकोमला उपनगर म्हटले की पबमध्ये एकदम शांतता पसरते. आमच्याकडे त्यालाच भांडण म्हणतात.

माझ्या घरात हॅरॉल्ड आणि मुरिएल टॅपस्कॉट हे जोडपे राहायचे. कुंपणापलीकडे, माझ्यासमोरच्या घरात सिरिल व्हिनिकोम राहतो; तेव्हा त्याची बायको डोरीनही होती. सिरिल गवंडी. माती आणि चुन्याची कामे करण्यात सगळ्या पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो आणि हॅरॉल्ड जिवलग शेजारी.

सत्तावीस वर्षांपूर्वी एका कडक हिवाळ्यानंतर माझा चुना ठिकठिकाणी सुटला. हॅरॉल्डला माझी काळजी वाटली. त्याने स्वतःच सिमेंट आणले, रेडिओ लावला आणि तीन शनिवार खपून मला डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटचा जाड कोट घातला. शेवटी कोपऱ्यात खिळ्याने स्वतःची आणि मुरिएलची आद्याक्षरे कोरली. मग त्याने कुंपणापलीकडे हाक मारली.

"कसं झालंय, सिरिल?"

सिरिल चहाचा पेला घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. तेव्हाचा त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्याने एक मोठा घोट घेतला.

"छान गुळगुळीत झालंय," तो म्हणाला आणि घरात गेला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा दम कोंडला. कोटाला बारीक भेगा पडल्या. त्यांतून पाणी आत यायचे आणि बाहेर मात्र जायचे नाही. माझे पाय भिजले, मग गुडघे. आतल्या बाजूला काळा डाग उमटला, तेव्हा मुरिएलने त्यापुढे कपाट सरकवले. आणि चार वर्षांनी सरकारी पत्र आले की हे घर ऐतिहासिक आहे, त्यात काहीही बदलायचे तर परवानगी हवी. म्हणजे माझ्याबरोबर तो कोटही ऐतिहासिक झाला! सिरिल रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून माझ्याकडे बघत राहायचा. मला त्याचा राग यायचा. सगळे कळत असून हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसला होता.

पुढे हॅरॉल्ड गेला. मुरिएलला जिना चढवेना. सिडमथला समुद्राजवळ तिची धाकटी बहीण ऑड्री राहते. तिच्या शेजारचे तळमजल्याचे छोटे घर रिकामे झाले. घरमालक ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार होता, पण हे घर विकल्याशिवाय मुरिएलला ते घेता येणार नव्हते. दोघी म्हाताऱ्या बहिणी रोज फोनवर पडद्यांचा रंग ठरवायच्या.

गेल्या वर्षी एप्रिलात नेरिस आणि डेक्लन घर बघायला आले. ती शाळेत शिकवते, तो तीच बस चालवतो, बदकांसाठी थांबणारी. नेरिस माझ्या खिडकीच्या खोल कट्ट्यात जाऊन बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "डेक्लन, इथे बसून कितीजणींनी पाऊस बघितला असेल रे?" मी शहारले. चारशे वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्यांनी घर घ्यायचे ठरवले. पण आमच्याकडे सही होईपर्यंत ठरलेले काही खरे नसते. त्यांच्या वतीने घर तपासणारा माणूस आला. त्याने मला ओल मोजायचे एक यंत्र टेकवले. ते किंचाळू लागले आणि थांबेचना. त्याने लिहून दिले की भिंत पाण्याने भरली आहे, केव्हाही बसेल. माझ्यामुळे मुरिएलचे घर अडणार होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मे महिन्यातल्या एका रविवारी नेरिस आणि डेक्लन पुन्हा आले, केक घेऊन. मुरिएलने चहा केला.

"आज हवा बरी आहे," डेक्लन म्हणाला.

"काल वारा होता," मुरिएल म्हणाली.

"हो ना. काल फारच वारा होता," नेरिस म्हणाली.

अर्धा तास वाराच चालला होता. तेवढ्यात मागच्या दाराने सिरिल आला. दर रविवारी येतो तसा, बागेतल्या रुबार्बची जुडी घेऊन. टेबलावर त्या तपासनिसाचा कागद पडला होता. तो त्याने उभ्यानेच वाचला. जुडी हातातून खाली पडली.

"मुरिएल, मला एक सांगायचंय. ही भिंत आजारी नाहीये. तिचा दम कोंडलाय. हॅरॉल्डच्या सिमेंटनं. मातीला सिमेंट लावायचं नसतं."

"हे तुला कधी कळलं?"

"त्यानं लावलं त्याच दिवशी."

मुरिएलने कप खाली ठेवला. "सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं दर रविवारी ह्याच खुर्चीत बसून माझे स्कोन खाल्लेस तू!"

"चांगले असतात ते."

"सिरिल व्हिनिकोम!"

"त्यानं किती हौसेनं केलं होतं गं. कसं झालंय म्हणून विचारलं. आता शेजाऱ्याला तोंडावर कसं सांगू, की बाबा रे, भिंतीचा गळा आवळलास?"

"अरे, त्यासाठीच तर विचारतात माणसं!" मुरिएल म्हणाली. "आणि त्यानं तुला का बोलावलं नाही, ठाऊक आहे? तुझी डोरीन आजारी होती तेव्हा. तो म्हणाला, अशात सिरिलला कशाला त्रास द्यायचा?"

सिरिल खुर्चीत बसला. "मी धावत आलो असतो गं," तो म्हणाला.

मग नेरिसने विचारले, "भिंत बरी होईल?"

"एक उन्हाळा द्या तिला. मला आता शिडी झेपत नाही, पण शिकवीन."

डेक्लन कानापर्यंत लाल झाला. "खरं सांगू का, मिसेस टॅपस्कॉट? आम्ही नको म्हणायला आलो होतो."

"ते कळलं होतं मला," मुरिएल म्हणाली. "केक आणलात ना!"

पालिकेच्या बाई येऊन मला बघून गेल्या आणि परवानगी तर दिलीच, वर सिरिलशी हातही मिळवला. जूनमध्ये छिन्नी लागली. सिमेंटचे पापुद्रे खाली कोसळू लागले आणि सव्वीस वर्षांनी वारा माझ्या अंगाला लागला. मित्रांनो, ते सुख मला शब्दांत सांगता येणार नाही.

खिडकीशेजारी सिमेंटबरोबर मूळचा चुनाही सुटून आला आणि नेरिस ओरडली. तिथे तळव्याचा ठसा होता. तिचा, त्या बाईचा. पाचही बोटे शाबूत होती. मुरिएलने चष्मा लावला, पुढे आली आणि आपला हात त्या हातावर ठेवला. करंगळी तेवढी जराशी बाहेर राहिली.

"हॅरॉल्डनं हे बघायला हवं होतं," ती म्हणाली आणि रडली. मला मात्र दोन हात एकदम जाणवत होते, एक गार आणि एक ऊबदार, आणि मधे चारशे वर्षे असूनही ते किती सारखे होते, या विचाराने मी थक्क झाले.

माझे भिजलेले पाय नव्या मातीने भरायचे होते. बागेतलीच माती, पेंढा, पाणी. नेरिस अनवाणी उतरली, मागून डेक्लन. शेवटी मुरिएलसुद्धा खुर्चीत बसून पायांनी माती तुडवायला लागली. पायांखालची माती मला ओळखीची वाटली. नवा थर ओला असताना नेरिसने कोणी बघत नाहीसे पाहून त्यावर आपला तळवा दाबला. मी कोणाला सांगितले नाही, फक्त तुम्हाला सांगते आहे.

सप्टेंबरात यंत्र पुन्हा टेकवले तेव्हा ते गप्प बसले. सह्या झाल्या. ऑक्टोबरात मुरिएल सिडमथला गेली. निघताना सिरिलने तिच्या हातात एक जड पुडके दिले. कोपऱ्यातला तो आद्याक्षरांचा सिमेंटचा तुकडा त्याने अखंड कापून ठेवला होता. तिचे पत्र सिरिल बाकावर बसून मोठ्याने वाचतो, म्हणून मला ठाऊक आहे. समुद्राचा वारा आत यावा म्हणून तिने तो तुकडा उघड्या दाराशी अटकाव म्हणून ठेवला आहे. हॅरॉल्डचे सिमेंट अखेर वाऱ्याची वाट मोकळी ठेवण्याच्या कामी आले.

मित्रांनो, मला टोपी द्या, बूट द्या, दर वसंतात थोडा चुना द्या. माझे मागणे एवढेच असते. पण तुमच्यासाठी आणखी एक मागते. कोणी हौसेने काही करून तुम्हाला विचारले, तर चहाचा घोट घेऊन आत जाऊ नका.

यंदाच्या वसंतात नेरिसने मला पहिल्यांदा एकटीने चुना लावला. नखशिखान्त पांढरी होऊन ती शिडीवरून उतरली आणि कुंपणापलीकडे हाक मारली, "कसं झालंय, सिरिल?"

सिरिल चहाचा पेला घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. एक मोठा घोट घेतला. माझा श्वास अडकला.

"डावीकडे पातळ झालंय, पोरी," तो म्हणाला. "थांब, मी येतो."