रेकॉर्डिंग नसेल तर

"भाऊजी, ताईचा आवाज येत नाहीये," असा मेहुणीचा फोन आला तेव्हा तो ऑफिसात डबा उघडत होता. मेहुणी अंध मुलींच्या शाळेत शिकवायची. त्या मुलींसाठी तिच्या बहिणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, आजारपणातही धडे वाचून रेकॉर्ड केले होते. ते ऐकवणारी वेबसाइट त्याने तयार केली होती. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

"इंटरनेट बघ तुझं," तो म्हणाला.

"इंटरनेट ठणठणीत आहे. मुली विचारतायत, बाई गप्प का बसल्या?"

त्याने सर्व्हर उघडला. धड्यांची नावं जागच्या जागी होती, रेकॉर्डिंगचे रकाने रिकामे. फाइलीही गायब.

शाळेला सुट्टी लागायच्या तोंडावर त्याने साइटचा जुना कोड टाइपस्क्रिप्ट या संगणकभाषेत आणला होता. कोड चालवण्याआधीच तो तपासून चुका दाखवण्याची सोय त्यात असते. तपासणी एकाच जागी लाल रेघ मारून अडून बसली होती: इथे रेकॉर्डिंग आहे असं तू धरून चाललायस, पण ते नसूही शकतं.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे घाईराव म्हणत. तो हसला होता. "किती डोकं खातंय ते! 'एनी' लिही आणि मोकळा हो."

'एनी' म्हणजे, इथे काहीही येऊ दे, विचारू नकोस. त्याने लिहिलं. लाल रेघ गेली. मग त्याने धड्यांतलं शुद्धलेखन सुधारलं आणि सगळे धडे पुन्हा सेव्ह केले. नव्या कोडमध्ये धडा उघडताना रेकॉर्डिंगचं नाव सोबत येतच नव्हतं. प्रत्येक धडा रिकाम्या रकान्यानिशी साठवला गेला. कुठल्याच धड्याला न जोडलेल्या फाइली साइट आपोआप पुसायची. ती सफाईही त्यानेच लिहिलेली. बॅकअप आठवडाभरच टिकायचा, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे तेवढ्यात कुणी काही ऐकलंच नव्हतं.

घाईराव खुर्ची ओढून आला. "मूळ रेकॉर्डिंग वहिनींच्या फोनमध्ये असेल ना?"

"तो फोन पार साफ करून मीच मेहुणीला दिला."

घाईराव उठला. "चहा सांगू?"

संध्याकाळी त्याने 'एनी' काढून टाकलं. लाल रेघ परत आली. आता तिचं म्हणणं त्याला नीट कळत होतं. रेकॉर्डिंग असेल तर वाजव, नसेल तर काय करायचं ते लिही. पहिला भाग त्याने लिहिला.

मेहुणीचा पुन्हा फोन आला. "मी वाचते, भाऊजी. आमचे आवाज सारखेच आहेत म्हणायचे सगळे."

"वाच. मुलींची परीक्षा तोंडावर आलीय."

"मग फाइल कुठे टाकायची? ताईच्याच जागी?"

"आधी माझ्याकडे पाठव," तो म्हणाला.

मेहुणीने सगळे धडे वाचून पाठवले. ते त्याच्याकडे तसेच पडून आहेत. रेकॉर्डिंग नसेल तर काय करायचं, ती ओळ अजून लिहायची राहिली आहे, आणि तोवर साइट बंद आहे.