चुलीपुढची लाईन

मंगली आश्रमशाळेतून सुट्टीत घरी आली आणि आईच्या चुलीपुढं ताट घेऊन ताठ उभी राहिली. पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही, तरी पोरगी लाईनीत! वाढलेलं घेतलं, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली, चार घास गिळले आणि ताट धुऊन मोकळी झाली.

तिची आई सुकरी चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. शाळेत जाण्याआधी हीच पोर कोंबड्यांनासुद्धा बोलू द्यायची नाही. आता विचाराल तेवढंच उत्तर, 'हो' नाहीतर 'नाई'. हॉस्टेलानं माझी लेक मुकी केली, असा राग तिनं मनात धरला.

दिवस तेंदूपत्त्याचे, विडीची पानं तोडायचे. पहाटेच सगळे रानात, दुपारी पुडे बांधायचे, मग नवरा झिंगू ते घेऊन फडीवर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, विकायला. ज्याला भूक लागेल त्यानं हंडीतून घ्यावं. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं सुकरीचं.

एका संध्याकाळी झिंगू लवकर परतला. लेक ताट घेऊन उभी दिसली, तसा हा गमत्या माणूस आपलंही ताट उचलून तिच्या मागं जाऊन उभा!

"सरक ना बाई पुढं, मले भूक लागली!"

त्याच्या मागं धाकटा लोकेश, उघडाच.

मंगली वळली. "बाबा, तू काऊन?"

"काऊन म्हंजे? लाईनीबिगर भात भेटते का?"

मंगली खुदकन हसली. काय संचारलं कोण जाणे, आईच्या हातातला डाव हिसकून, कमरेवर हात ठेवून ती गरजली, "गडबड नाई करायची! हात धुतले का? लोकेश, तुही चड्डी कुठी?"

झिंगू हसून हसून खालीच बसला. लेक बोलती झाली म्हणून सुकरीला एवढा आनंद झाला, की मनातला राग तोंडातून निसटला. "असं भिंतीकडे तोंड करून जेवायले कोणं शिकवलं गं तुले? त्या हॉस्टेलातच ना?"

"नाई, यायो," मंगली आईला म्हणाली. "तिथी तं आमी साऱ्या गोल बसतो. मस्त गप्पा करतो. असं तं तूच जेवते, यायो. घरी असंच राह्यते वाटलं मले. मंग बोलू कोणासंग, भिंतीसंग?"

सुकरीनं आपलंही ताट घेतलं आणि लोकेशच्या मागं जाऊन उभी राहिली.

"यायो, हात धुतले का?"

"धुतले, बाई."

चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. मंगलीची टकळी सुरू झाली. हॉस्टेलात घोरणारी दीपिका, गुरुजींची सायकल, मागच्या कुंपणाशी आलेलं अस्वल! बोलता बोलता दुसऱ्यांदा भात घेतला, तोंडातला घास तोंडातच.

"आधी जेव, मंग बोल," सुकरी सवयीनं दटावून बसली आणि लगेच जीभ चावली.

"नाई नाई. बोल माय, बोल."